एक कॉलम गेला तर भूकंपासाठी डिझाइन केलेली आरसीसी इमारत उभी राहील का? तपासणी आणि डिटेलिंग

भूकंपासाठी डिझाइन केलेल्या फ्रेमला प्रोग्रेसिव्ह कोलॅप्सची (एक भाग गेल्यावर साखळीसारखी पडझड होण्याची) वेगळी तपासणी कशाला, असा प्रश्न डिझाइन ऑफिसात नेहमी निघतो. डक्टाइल डिटेलिंग (न तुटता वाकता येईल अशी सळयांची मांडणी) आहे, रिंगा जवळजवळ आहेत, कॉलम बीमपेक्षा ताकदवान आहेत. मग एखादा कॉलम स्फोटाने, वाहनाच्या धडकेने किंवा आगीने गेला तरी बाकीची फ्रेम भार उचलेलच की. खालच्या मजल्यांपुरतं हे बहुतेक वेळा बरोबरीच्या आसपास येतं. वरच्या मजल्यांत आणि कोपऱ्यात ते साफ चुकतं. का चुकतं ते हातच्या हिशेबाने अर्ध्या तासात कळतं, म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी तो हिशेब करावा.

भूकंपाच्या डिझाइनने काय आधीच दिलेलं असतं

बाहेरच्या रांगेतला मधला कॉलम गेला की त्याच्या डोक्यावरचा जॉइंट खाली येऊ लागतो. दोन्ही बाजूंच्या बीममध्ये लांबच्या टोकाला ताण वरच्या सळयांत येतो आणि गेलेल्या कॉलमपाशी खालच्या सळयांत. म्हणजे प्रत्येक बीम डबल कर्व्हेचरमध्ये (एस आकारात) वाकतो, अगदी भूकंपात वाकतो तसा. त्यामुळे बीमच्या टोकाचा शिअर (कापबल) काढायचं सूत्रही तेच राहतं: दोन्ही टोकांच्या संभाव्य मोमेंटची (वाकवणाऱ्या परिणामाची) बेरीज भागिले क्लिअर स्पॅन, अधिक गुरुत्व भाराचा अर्धा वाटा. स्पेशल मोमेंट फ्रेमचा (भूकंपासाठी सर्वांत कडक डिटेलिंग असलेल्या फ्रेमचा) बीम या शिअरसाठी आधीच डिझाइन झालेला असतो. भूकंपात मोमेंटची दिशा दर सेकंदाला पालटते, इथे ती एकाच दिशेने राहते आणि भार कधीच उतरत नाही, एवढाच फरक.

दुसरी मोठी देणगी खालच्या सळयांची. फक्त गुरुत्व भारासाठी केलेल्या बीममध्ये आधारापाशी खालच्या सळया जेमतेम कॉलममध्ये शिरून थांबतात, कारण तिथे त्या दाबात असतात आणि कोणी त्यांचा विचार करत नाही. कॉलम गेला की त्याच जागी सर्वांत जास्त सॅगिंग (खाली झुकवणारा) मोमेंट येतो आणि सळया उपटून निघतात. एसीआय 318 या अमेरिकी काँक्रीट कोडमध्ये स्पेशल फ्रेमच्या जॉइंटच्या तोंडाशी पॉझिटिव्ह (खालच्या सळयांना ताणणाऱ्या) मोमेंटची क्षमता निगेटिव्हच्या (वरच्या सळयांना ताणणाऱ्याच्या) निम्म्याहून कमी चालत नाही, आणि वर-खाली किमान दोन-दोन सळया सलग न्याव्या लागतात. याच अटी कॉलम गेल्यावर कामाला येतात.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतल्या मराह फेडरल बिल्डिंगवर 19 एप्रिल 1995 रोजी झालेला हल्ला हे याचं उलटं उदाहरण. नऊ मजल्यांची साधी फ्रेम होती. तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर ट्रान्सफर गर्डर (वरचे कॉलम पेलणारा मोठा बीम) होता, वर कॉलम 6 मीटरवर आणि खाली 12 मीटरवर. स्फोटाने एक कॉलम थेट उडाला, शेजारचे दोन शिअरमध्ये गेले आणि इमारतीचा जवळजवळ अर्धा भाग खाली आला. उच्च भूकंपीय क्षेत्रात वापरतात तसं डिटेलिंग असतं तर यातली बरीच पडझड टळली असती, असा निष्कर्ष अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या फेमा 277 या अहवालात आहे. त्याच इमारतीवरून दुसरा धडा घ्यायचा तो ट्रान्सफर गर्डरचा. एका कॉलमवर वरचे दोन-तीन कॉलम अवलंबून असतील तर पुढचं सगळं डिटेलिंग कमी पडतं. शक्य असेल तर आराखड्याच्या टप्प्यावरच गर्डर काढून टाकावा.

काय दिलेलं नसतं

भूकंपाचा स्टोरी शिअर (मजल्यावर येणारं आडवं बल) वर जाताना कमी होत जातो, म्हणून वरच्या मजल्यांच्या बीममध्ये लोखंड कमी होत जातं. कॉलम गेल्यावर मात्र प्रत्येक मजल्याला स्वतःचा भार स्वतःच पेलावा लागतो, आणि तो भार पाचव्या मजल्यावर असतो तेवढाच आठव्यावर असतो. एकीकडची मागणी उताराची, दुसरीकडची सपाट. तपासणीत नापास होणाऱ्या भूकंपरोधक इमारती बहुतेक याच कारणाने नापास होतात.

याशिवाय काही इमारतींत भूकंपाचा भार फक्त परिघावरच्या फ्रेम किंवा शिअर वॉल घेतात आणि आतली फ्रेम निव्वळ गुरुत्व भारासाठी असते. त्या आतल्या बीमना वरची कुठलीही देणगी मिळालेली नसते. 'इमारत स्पेशल फ्रेमची आहे' एवढ्यावर विसंबू नये. कोणत्या रांगा खरोखर स्पेशल आहेत ते प्लॅनवर रंगवून घ्यावं.

कोणता कॉलम काढायचा आणि भार किती

यूएफसी 4-023-03 (अमेरिकी संरक्षण खात्याची नियमावली) आणि जीएसएच्या (अमेरिकी सरकारी इमारती सांभाळणाऱ्या संस्थेच्या) मार्गदर्शक सूचना, दोन्हींत पद्धत एकच: कारण काहीही असो, एका वेळी एक कॉलम काढून बघायचा. प्लॅनमध्ये कोपरा, लांब बाजूचा मध्य आणि छोट्या बाजूचा मध्य. तळात सार्वजनिक पार्किंग असेल तर तिथले आतले कॉलमही. जिथे स्पॅन एकदम बदलतो किंवा प्लॅन आत वळतो, तिथला कॉलम यादीत नसला तरी घ्यावा. यूएफसीनुसार उंचीत चार जागा पाहतात: जमिनीलगतचा मजला, मधला मजला, छताखालचा मजला, आणि कॉलमचा आकार बदलतो किंवा स्प्लाइस (सळयांचा जोड) येतो त्याच्या वरचा मजला. तळमजल्यावरचा एकच कॉलम काढून तपासणी संपवली तर वर सांगितलेली सगळी अडचण नजरेआड राहते.

काढायचा म्हणजे फक्त दोन मजल्यांमधला क्लिअर उंचीचा तुकडा. जॉइंट आणि त्यातून जाणारे बीम सलगच राहतात. भिंत असेल तर मजल्याच्या उंचीच्या दुप्पट लांबीचा तुकडा काढतात, कोपऱ्यात दोन्ही दिशांना एकेक उंचीएवढा.

भार 1.2 मृत भार अधिक 0.5 चल भार. काढलेल्या कॉलमला लागून असलेल्या बेजमध्ये (कॉलमांमधल्या गाळ्यांत), वरच्या सर्व मजल्यांवर, हा भार डायनॅमिक गुणकाने (अचानक बसणाऱ्या धक्क्यासाठीच्या) वाढवायचा. बाकी ठिकाणी तसाच ठेवायचा. नॉनलिनिअर स्टॅटिक पद्धतीत (सळया यील्ड होणं, म्हणजे कायमच्या ताणल्या जाणं, हिशेबात धरणारी पद्धत) आरसीसी फ्रेमसाठी गुणक 1.04 + 0.45 ÷ (प्लास्टिक रोटेशनची मर्यादा ÷ यील्ड रोटेशन + 0.48). हे गुणोत्तर 3 असेल तर गुणक 1.17 येतो, 10 असेल तर 1.08. लिनिअर स्टॅटिकमध्ये फ्लेक्सरसाठी (वाकण्यासाठी) 1.2 एम + 0.8, इथे एम म्हणजे त्या भागातल्या घटकांतला सर्वांत कमी डक्टिलिटी गुणक. एम 6 असेल तर भार 8 पट होतो. आकडा बघून दचकायला होतं, पण क्षमतेच्या बाजूलाही 6 ने गुणायचं असतं, त्यामुळे खरी वाढ 1.33 पटच राहते. शिअर आणि कॉलमच्या अक्षीय भारासारख्या ठिसूळ गोष्टींसाठी वेगळं मॉडेल, सरळ 2 चा गुणक. या दोन मॉडेलांचे निकाल एकत्र वाचायची चूक सर्रास होते.

हातचा हिशेब

आठ स्लॅबची इमारत, 6 × 6 मीटर ग्रिड, कॉलम 500 मिमी, म्हणून क्लिअर स्पॅन 5.5 मीटर. स्लॅब 150 मिमी, फिनिश आणि पार्टिशन धरून मृत भार 5.75, चल भार 3 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. 1.2 आणि 0.5 हे भारगुणक लावून 8.4. बीम 300 × 550, स्लॅबखालचं वजन मीटरला 3 किलोन्यूटन. परिघावर भिंत मीटरला 9.

बाजूचा मधला कॉलम काढला. एका मजल्यावरून त्याच्यावर येणारा भार: स्लॅब 18 चौरस मीटर × 8.4 = 151, बीम 9 मीटर × 3 × 1.2 = 32, भिंत 6 मीटर × 9 × 1.2 = 65. एकूण 248, म्हणजे 250 किलोन्यूटन. डायनॅमिक गुणक सावधपणे 1.2 धरला तर मागणी मजल्याला 300.

आता क्षमता. खालच्या चार मजल्यांवर बीममध्ये वर 20 मिमीच्या 4 आणि खाली 3 सळया, स्टील 500 मेगापास्कलचं. लिव्हर आर्म (बीममधल्या ताण आणि दाब यांतलं अंतर) 450 मिमी धरून निगेटिव्ह मोमेंट 283 आणि पॉझिटिव्ह 212 किलोन्यूटन-मीटर. परिघावरचे दोन बीम मिळून 2 × (283 + 212) ÷ 5.5 = 180 किलोन्यूटन देतात. आत जाणाऱ्या आडव्या बीमचं फक्त लांबचं टोक धरलं तर 283 ÷ 5.5 = 51. एकूण 231. या तपासणीत सळईची अपेक्षित ताकद, म्हणजे 1.25 पट, धरायला परवानगी आहे, मग 289. मागणी 300. किंचित कमी, पण हातभर अंतर नाही.

वरच्या चार मजल्यांवर भूकंपाच्या हिशेबाने 16 मिमीच्या वर 3 आणि खाली 2 पुरल्या आहेत. मोमेंट 136 आणि 90. तोच हिशेब केला तर मजल्याला फक्त 134 किलोन्यूटन.

तळमजल्यावरचा कॉलम गेला तर आठही मजले वरच्या कॉलमने बांधलेले असल्याने क्षमता एकत्र मोजता येते: 4 × 289 + 4 × 134 = 1692, मागणी 2400. सत्तर टक्के. पाचव्या मजल्याचा कॉलम काढला, म्हणजे वर फक्त चार हलके मजले उरले, तर 536 विरुद्ध 1200. पंचेचाळीस टक्के. छताचा भार थोडा कमी असतो हे धरलं तरी निकाल बदलत नाही.

यावर उपाय फार महाग नाही. आठही मजल्यांवर वर 4 आणि खाली 4, सगळ्या 20 मिमीच्या सलग सळया दिल्या की मजल्याला 321 मिळतात आणि मागणी भागते. पण तेवढं करून थांबता येत नाही. बीमचा मोमेंट वाढला म्हणजे कॅपॅसिटी शिअर वाढला, रिंगा पुन्हा काढाव्या लागतात. शिवाय कॉलम-बीम ताकदीचं गुणोत्तर, जे एसीआयमध्ये 1.2 आणि आयएस 13920 या भारतीय कोडच्या 2016 च्या आवृत्तीत 1.4 आहे, तेही पुन्हा तपासायचं. खालच्या मजल्यांवर जॉइंटपाशी बीमच्या मोमेंटची बेरीज 495 वरून 566 झाली, वरच्या मजल्यांवर तर दुपटीहून जास्त. तिथले कॉलम बारीक केलेले असतात. प्रोग्रेसिव्ह कोलॅप्ससाठी बीम जाड करून भूकंपाचं डिझाइन बिघडवणं हा या कामातला सर्वांत मोठा सापळा आहे.

कोपऱ्याचा कॉलम वेगळा पाहावा. मजल्याचा भार 162, गुणकासह 194. वरचे कॉलम शाबूत असतील तर दोन्ही बीम डबल कर्व्हेचरमध्ये राहतात आणि खालच्या मजल्यांवर 225 मिळतात. निव्वळ कॅन्टिलिव्हर धरले तर 129. छताखालचा कोपऱ्याचा कॉलम गेला तर वर कॉलमच नाही, त्यामुळे कॅन्टिलिव्हरशिवाय पर्याय नाही, आणि तिथेच लोखंड सर्वांत कमी: 16 मिमीच्या तीन सळयांवर 62 किलोन्यूटन, तर मागणी शंभराच्या वर. कोपऱ्यात कॅटेनरी क्रियाही (सळयांनी दोरीसारखं ताणून भार घेणं) मिळत नाही, कारण दोरीचं एक टोक बांधायला काही नसतं. छताच्या कोपऱ्यातल्या बीमना वरच्या सळया वाढवून आत पहिल्या पूर्ण स्पॅनपर्यंत सलग न्याव्यात.

मॉडेलमध्ये काय चुकतं

हिशेब काठावर असेल तर नॉनलिनिअर डायनॅमिक करावं. आधी पूर्ण मॉडेलवर 1.2 मृत + 0.5 चल भार लावून त्या कॉलममधला बल नोंदवायचा. मग कॉलम काढून त्याच्या जागी तोच बल वरच्या दिशेने लावायचा, स्थिती पूर्ववत आली याची खात्री करायची, आणि तो बल शून्यावर आणायचा. लागणारा वेळ कॉलमविरहित रचनेच्या उभ्या कंपनाच्या पिरियडच्या दहाव्या भागाहून कमी हवा. कमाल डिफ्लेक्शन मिळेपर्यंत किंवा उभ्या हालचालीचं एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत चालवायचं.

ईटॅब्ससारख्या प्रोग्रॅममध्ये भूकंपासाठी बनवलेलं मॉडेल तसंच वापरलं की पुढच्या गोष्टी हमखास फसवतात. मास सोर्समध्ये फक्त आडवं वस्तुमान घेतलेलं असतं. उभं वस्तुमान चालू केलं नाही तर उभा मोड सापडतच नाही आणि डायनॅमिक परिणाम शून्याजवळ येतो. रिजिड डायफ्राम (स्लॅब आडव्या दिशेत अजिबात न ताणणारा धरणं) चालू असेल तर बीममध्ये अक्षीय बल येत नाही, म्हणजे आर्च क्रियाही (तिच्याबद्दल पुढे) नाही आणि कॅटेनरीही नाही, सेमी-रिजिड करावा. नेहमीची मोमेंट हिंज (मॉडेलमधली बीम यील्ड होण्याची जागा) अक्षीय बल ओळखत नाही, त्यासाठी फायबर किंवा अक्षीय-मोमेंट हिंज लागते, सोबत लार्ज डिस्प्लेसमेंट. सुरुवातीच्या स्टिफनेसवर बेतलेलं रेले डॅम्पिंग (हालचाल विरवणारं गणिती बल) ठेवलं तर बीम यील्ड झाल्यावर खोटं डॅम्पिंग भार उचलतं आणि निकाल फुकट चांगला दिसतो. विटांची भिंत भार म्हणून धरायची, आधार म्हणून नाही.

आणि हो, जॉइंट डिलीट करू नये. कॉलमबरोबर नोडही उडवून बीम मोकळे सोडलेली मॉडेलं रिव्ह्यूला येतात.

बीम वाकून संपल्यावर

डिफ्लेक्शन बीमच्या उंचीच्या अंशाइतकं असताना बाजूची फ्रेम बीमला दाबून धरते आणि हातच्या हिशेबाहून जास्त भार पेलला जातो. ही आर्च क्रिया. पुढे काँक्रीट चिरडतं, क्षमता घसरते, आणि साधारण बीमच्या उंचीएवढं डिफ्लेक्शन झाल्यावर सळया ताणून भार घ्यायला लागतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूर्ण आकाराच्या चाचण्यांत मध्यम आणि स्पेशल, दोन्ही प्रकारच्या फ्रेमचे नमुने कॅटेनरी टप्प्यापर्यंत पोचले आणि मधल्या कॉलमपाशी खालची सळई तुटून संपले.

आमच्या मते कॅटेनरीवर डिझाइन उभं करू नये, ती राखीव ठेवावी. बीममधल्या सळयांना टाय (इमारतीला बांधून ठेवणारी ताणातली साखळी) म्हणून मोजायचं तर बीम 0.20 रेडियन वळूनही ताण नेऊ शकतो हे यूएफसीला दाखवावं लागतं, आणि ते सोपं नाही. म्हणून टाय स्लॅबमध्ये द्यायचे. आतल्या टायचं बल मीटरला 3 × 8.4 × 6 = 151 किलोन्यूटन, म्हणजे यील्डवर 302 चौरस मिमी; कपात गुणक धरून दोन्ही दिशांना 10 मिमी 200 अंतरावर सलग दिल्या की भागतं. युरोकोडची टाय पद्धत याहून सौम्य आहे: मजल्याचा भार × अंतर × स्पॅन × 0.8, किमान 75 किलोन्यूटन. दोन्हींची सरमिसळ करू नये.

टायची साखळी परिघापाशी तुटते. स्लॅबच्या सळया कडेच्या बीमच्या आत घेऊन, बीमच्या सळईभोवती हुक करूनच थांबवाव्यात.

ड्रॉइंग आणि साइट

बीमच्या खालच्या सळयांचा लॅप (दोन सळया एकमेकींना लागून ठेवून केलेला जोड) कॉलमवर किंवा कॉलमच्या तोंडापासून बीमच्या उंचीच्या दुप्पट अंतरात येता कामा नये. जुन्या सवयीने फिटर तो आधारावरच घेतो, कारण 'खालच्या सळईला तिथे काम नसतं'. ड्रॉइंगवर लॅपची जागा मापाने दाखवावी आणि त्या लांबीत रिंगा 100 मिमीवर द्याव्यात. टोकाच्या दुप्पट उंचीच्या पट्ट्यात रिंगांचं अंतर एसीआयप्रमाणे इफेक्टिव्ह उंचीच्या पाव, सळईच्या व्यासाच्या सहापट आणि 150 मिमी यांतलं सर्वांत कमी. हुक 135 अंशाचे. 90 अंशाचा हुक कव्हर सुटताच उघडतो, आणि कॉलम गेल्यावर कव्हर सगळ्यात आधी सुटतं.

कॉलमच्या उभ्या सळयांनी एका मजल्याचा भार ताणात नेता आला पाहिजे. आपल्या उदाहरणात 250 किलोन्यूटनला 500 चौरस मिमी लागतात, आणि 20 मिमीच्या आठ सळयांत 2513 असतात. क्षेत्रफळाचा प्रश्न कधीच येत नाही, लॅपचा येतो. लॅप पूर्ण ताणाच्या लांबीचा आणि मजल्याच्या मधोमध हवा. स्लॅबच्या लगेच वर घेतलेला आखूड लॅप कॉम्प्रेशनपुरताच असतो.

फ्लॅट स्लॅबमध्ये (बीमविना स्लॅबमध्ये) दोन्ही दिशांना किमान दोन खालच्या सळया कॉलमच्या कोअरमधून (सळयांच्या आतल्या गाभ्यातून) आरपार न्याव्यात. पंचिंग (कॉलमने स्लॅबला आरपार भोक पाडणं) झाल्यावर वरच्या सळया काँक्रीट उचकटून बाहेर येतात, स्लॅब लटकून राहतो तो या खालच्या सळयांवर. ओतकामाआधी तपासताना या चार सळया मोजायला अर्धा मिनिट लागतं, आणि बहुतेक वेळा त्या कॉलमच्या बाजूने गेलेल्या सापडतात, कारण कोअरमध्ये गर्दी असते. त्यासाठी कॉलमच्या सळयांची मांडणी ड्रॉइंगवरच अशी ठेवावी की दोन्ही दिशांना मध्ये मोकळी वाट राहील.